रामनगरचा शिधा

मुलांनो, तुमच्यातली मोठी परवा फोनवर म्हणाली की तिच्या अकाउंटिंगच्या अभ्यासक्रमात सगळ्यांत कंटाळवाणा धडा कुठला असेल तर तो ऑडिटरच्या तटस्थपणाचा. "आजी, त्यात शिकायचं काय? ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. एका ओळीत संपलं."

त्या एका ओळीने मला जेवढं छळलं तेवढं आयुष्यात कुठल्याही ताळेबंदाने छळलेलं नाही. हे फोनवर सांगायला घेतलं की तुमच्याकडे कोणाची तरी बस येते किंवा दारावर कोणीतरी पार्सल घेऊन उभं राहतं, आणि माझं वाक्य अर्धवट लटकतं. म्हणून लिहून पाठवते आहे. सगळं वाचा, मधूनच शेवटाकडे उडी मारू नका. धाकट्याला मराठी वाचायला वेळ लागतो, तर मोठीने त्याला मोठ्याने वाचून दाखवावं. बोलण्यात हिंदी येईल. काशीत आमच्या घराचा उंबरा ओलांडला की मराठी संपत असे, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एका पाठशाळेत वेद शिकवत आणि याज्ञिकी करत. माझी आई मला इंग्रजी शाळेत घालण्यासाठी त्यांच्याशी वर्षभर भांडली आणि जिंकली. त्या विजयाचं पुढे काय करायचं हे मात्र दोघांपैकी कोणी ठरवलं नव्हतं. ते मी ठरवलं. विद्यापीठात वाणिज्य शाखेचा अर्ज भरून आले.

कारण साधं होतं. मला दोन्ही बाजू जुळलेल्या आवडतात. पण हे कारण कोणाला पटेल तर शपथ. अण्णा म्हणाले, "वाण्याची विद्या शिकायला विद्यापीठ कशाला? चौकातल्या कुठल्याही पेढीवर बस." शेजारच्या काकू आईला विचारत, "पोरीला दुकान घालून देताय वाटतं?" आणि आई, जिने माझ्यासाठी एवढं भांडण केलं होतं, तीही म्हणे, "असू दे, वाणसामानाच्या यादीला तरी उपयोग होईल."

विद्यापीठातही काही निराळं नव्हतं. वर्गात मी एकटी मुलगी. माझी खुर्ची मुलांच्या बाकांत नको म्हणून सरांच्या टेबलाशेजारी दाराजवळ मांडलेली. तिथून फळा तिरपा दिसे. तीन वर्षं मी नावे आणि जमा या बाजू तिरक्याच पाहिल्या, आणि तरीही परीक्षेत वर आले, तेव्हा बाकांवरून कुजबुज झाली की दारात बसल्यामुळे मॅडमना हवा चांगली लागते. भेटी न घेण्याची ती सुप्रसिद्ध ओळ सरांनी घंटा होता होता सांगितली आणि पुस्तक मिटलं. परीक्षेत येणार नाही म्हणाले. आली नाही.

निकालानंतर मुलांचे रस्ते आखलेलेच होते. निम्मे आपापल्या वडिलांच्या गादीवर जाऊन बसले, साड्या नाहीतर गालिचे विकायला. काही बँकेत, काही विम्यात गेले, अभ्यासू होते ते इलाहाबादच्या सरकारी लेखा कार्यालयात. मला सगळ्यांनी एकच रस्ता दाखवला, मुलींच्या शाळेत शिक्षिका. मला सी.ए. व्हायचं होतं. त्यासाठी परीक्षा पुरत नाही, हे मोठीला ठाऊक आहे. मुरलेल्या सी.ए.च्या हाताखाली काही वर्षं उमेदवारी करावी लागते, आणि तसा करार त्याने सही करून द्यावा लागतो. सही नाही तर काही नाही.

एका साहेबांनी सांगितलं, ऑडिटला बाहेरगावी मुक्काम करावा लागतो, मुलीला कुठे उतरवणार? दुसऱ्यांनी सांगितलं, आमच्या जिन्यात अंधार असतो. जिना! शेवटी गोदौलियाला एका कापडाच्या दुकानावर ऑफिस असलेले एक साहेब तयार झाले. इलाहाबादेत शिकलेले, उन्हाळ्यातही टाय लावणारे, पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवणारे. मला ते पाहताक्षणी आवडले. "दो महीने काम देखूँगा," ते म्हणाले, "फिर दस्तखत।"

त्या दोन महिन्यांत काय होणार यावर माझं सगळं पुढचं आयुष्य उभं होतं. ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि अण्णांना माहीत असूनही त्यांनी अट घातली. "जा. पण परान्न घ्यायचं नाही. कोणाच्या दुकानातलं पाणीसुद्धा नाही." मी कबूल केलं. वादात दोन महिने घालवायचे नव्हते.

साहेबांनी पहिलंच काम दिलं ते रामनगरच्या तेलाच्या मिलचं. तीन भावांची कंपनी, कारभार मोठ्या भावाकडे. त्यांना सगळे लालाजी म्हणत. रामनगर गंगेच्या पलीकडे, आणि तेव्हा तिथे पक्का पूल नव्हता. पाणी उतरलं की तरंगत्या लोखंडी पिप्यांवर फळ्या टाकून पूल बांधत, त्यावरून मी सकाळी पलीकडे जाई. पिशवीत पेन्सिली, फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी आणि डब्यात आईने दुधात भिजवून केलेल्या दशम्या. मोहरीच्या तेलाचा वास इतका झोंबे की अर्धा दिवस मी डोळे पुसत आकडे जुळवी.

आता बनारसमध्ये पाहुण्याला न खिलवता काम करू देणं ही बेइज्जती समजतात. तुम्हाला वाटेल मी अतिशयोक्ती करते. पहिल्याच सकाळी पानांच्या द्रोणात कचोरी आणि जिलबी आली. मी नको म्हटलं. लस्सी आली. नको. विडा आला. नको. लालाजींचा चेहरा दर वेळी थोडा थोडा उतरत गेला.

"बिटिया, कचौड़ी में कुछ गड़बड़ है का?"

"नहीं लालाजी, अच्छी होगी।"

"तो बही में है?"

यावर एखादी व्यवहारी मुलगी हसून 'नहीं, नहीं' म्हणाली असती. मी शिकलेली. काम पुरं होण्याआधी मत द्यायचं नाही हे मला पाठ होतं. मी म्हटलं, "अभी देख रही हूँ।"

झालं. लालाजींनी मुनिमाकडे पाहिलं, मुनिमाने छताकडे पाहिलं. दुपारी पायरीवर बसून मी दशम्या खात होते तर आतून मुनीम म्हणताना ऐकू आला, "मालिक, जो आडिटर जलेबी न छुए, ऊ कुछ पकड़े बैठा है। पुराने वाले तो दूसरी बार माँगते थे।" वास्तविक त्यांच्या हिशेबात काही नव्हतं. एवढे स्वच्छ हिशेब मी नंतरही फार पाहिले नाहीत. पण ते सांगायचं साहेबांनी, अहवाल झाल्यावर. माझं तोंड बंद.

दोन दिवसांनी लालाजी एकदम प्रसन्न दिसले. कोणाकडून तरी त्यांना कळलं होतं की मी मंगला गौरीच्या दक्षिणी पंडितांची मुलगी. "अरे, तो ई बात है! पहले बतातीं! हम तो रात भर सोए नहीं।" मलाही बरं वाटलं. गैरसमज मिटला, असं मला वाटलं.

संध्याकाळी घरी आले तर आई चूल सोडून ओणवी होऊन तूप बरणीत ओतत होती. शेजारी तांदळाची गोणी, डाळ, कणीक, गुळाची ढेप, वर लाल भोपळा आणि ओंजळभर हळकुंडं. अण्णा पाटावर बसून समाधानाने सुपारी कातरत होते.

"हे कोणी दिलं?"

"रामनगरचे कोणी लाला आले होते. फार सज्जन. पायांवर डोकं ठेवलं, हातावर पाणी सोडून संकल्प केला, शिधा ठेवला आणि गेले. तुला शिजवलेलं चालत नाही म्हणून कोरडं आणलं म्हणाले. धर्म कळतो त्या माणसाला."

"अण्णा, मी त्यांचे हिशेब तपासते आहे!"

"मग तपास की. मी कुठे नको म्हटलं?"

"त्यांच्याकडून काही घ्यायचं नसतं!"

"तू कुठे घेतलंस? मी घेतलं. आणि ब्राह्मणाने शिधा घ्यायचा नाही तर काय तोलायचा?"

आईने तुपाचं भांडं निथळत ठेवून विचारलं, "मग हे ओतू की नको?" तिला उत्तर द्यायला कोणी मोकळं नव्हतं. तिने ओतलं.

लपवणं मला जमणार नव्हतं, आणि काशीत काही लपतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी एक पेन्सिल उचलली, तिचं टोक पाहिलं, परत जागेवर ठेवली. "सामान लौटा दीजिए। जब तक नहीं लौटता, मैं दस्तखत नहीं करूँगा।" आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं, शिधा परत पाठवायचा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना कोणाचा खिसा कापायला सांगत होते.

"दिलेलं दान देणाऱ्याने परत घेतलं तर त्याला दत्तापहाराचं पाप लागतं. त्या भल्या माणसाने श्रद्धेने दिलं आणि मी त्याला पापात ढकलू? तुझ्या परीक्षेसाठी?"

"दान म्हणजे मिंधेपण, अण्णा."

"उलट. पाणी सोडलं की त्याचा त्या वस्तूशी संबंध संपला. मी त्याचा मिंधा नाही. हे तुझ्या साहेबांना शिकवलं नाही का कोणी?"

साहेबांना मी हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "पिताजी का शास्त्र मैं मानता हूँ। लेकिन अख़बार में शास्त्र नहीं छपता, घी छपता है।" मग मी तिसरी वाट काढली. रामनगरला जाऊन लालाजींना म्हटलं, सामानाची किंमत सांगा, मी देते. लालाजींनी दोन्ही कानांना हात लावले. "राम राम! ब्राह्मण की बेटी से सीधे का दाम लूँ? मिल में आग लग जाए, तब भी न लूँ।" आणि मुनीम मागून म्हणाला, "अब तो पक्का है मालिक। कुछ बहुत बड़ा पकड़ी हैं।"

मला तिघांचाही इतका संताप आला की पुलावरून परत येताना फळीत चप्पल अडकून तुटली, तर मी तिलाही बोलले. तिघेही सज्जन, तिघेही आपापल्या जागी अगदी बरोबर, आणि त्या तिघांच्या बरोबरपणात माझी सही अडकलेली. दोन महिने संपत आले होते. घरात तांदळाची गोणी तशीच उभी. भोपळा मात्र नासायला लागला म्हणून आईने त्याचं भरीत केलं. मी ते खाल्लं नाही. अण्णांनी दोनदा वाढून घेतलं.

पण मी भरताला हात लावला नाही तेच मुळी त्यांना लागलं असावं. तिसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून, उपरणं घेऊन, कोणाला न सांगता ते रामनगरला निघून गेले. दुपारी परतले ते विजयी चेहऱ्याने.

"सोडवला तुझा प्रश्न. दान परत करता येत नाही, पण दक्षिणेला अडचण नाही. लालांच्या मिलमध्ये महादेवाची पिंडी आहे. मी तिथे रुद्राभिषेक केला आणि त्यांना सांगितलं, आणलात तो शिधा ही त्याची दक्षिणा. आता ते दान नाही, माझ्या कामाचा मोबदला आहे. तुझे साहेब कागद मागतील म्हणून कागदही केला."

आणि त्यांनी पंच्याच्या गाठीतून खरोखर एक पावती काढली. अण्णांनी आयुष्यात कोणाला पावती दिली नव्हती. वर श्री, खाली संस्कृतात तांदूळ, डाळ, तूप, गूळ सगळं क्रमवार, त्याखाली हिंदी, लालाजींची सही, अण्णांची सही, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून रेव्हेन्यू स्टॅम्पही. तो गोंदाऐवजी भाताच्या शिताने चिकटवलेला. मला हसावं की रडावं कळेना. या माणसाने, ज्याला माझी विद्या वाण्याची वाटे, माझ्यासाठी पिप्यांच्या पुलावरून जाऊन स्टॅम्प लावला होता.

साहेबांनी पावती दोनदा वाचली. संस्कृत भाग मी समजावून सांगितला.

"तो अब आपके पिताजी इस कंपनी के पुरोहित हैं।"

"एक बार अभिषेक किया है, बस।"

"और आगे?"

पुढचंही मी सांगितलं, कारण सांगावंच लागणार होतं. लालाजी इतके खूश झाले होते की श्रावणातल्या दर सोमवारी अण्णांनीच यावं असं ठरलं होतं. साहेबांनी चष्मा काढला. "पहले घी था। अब नौकरी है।"

मी म्हटलं, मग मला दुसरं कुठलंही काम द्या, रामनगरला मी पाय ठेवणार नाही. त्यांनी आपल्या पक्षकारांची यादी समोर ठेवली आणि एकेका नावावर पेन्सिल टेकवत गेले. चौकातली साड्यांची पेढी? तिथे अण्णांचा शिष्य पूजा सांगतो. पितळेच्या भांड्यांचा कारखाना? मालकाच्या मुलाची मुंज माझ्या काकांनी लावली. धर्मशाळेचा ट्रस्ट? अण्णा दर वर्षी तिथे पारायणाला जातात. साहेबांची पेन्सिल हळू होत गेली.

"पूरे बनारस में कोई ऐसा है जिसके यहाँ आपके घर का कोई पूजा न कराता हो?"

चिडून मी जे सुचलं ते बोलले, "मिशन का अस्पताल।"

ते यादीत अगदी शेवटी होतं. छावणीकडच्या पाद्र्यांच्या दवाखान्याचं ऑडिट कोणी मागून घेत नसे, लांब होतं म्हणून. साहेबांनी त्यावर खूण केली, खणातून माझा करार काढला आणि सही केली. असं करतात चांगली माणसं. आधी तुम्हाला रडवतात, मग अर्ध्या मिनिटात सही करतात. निघताना एक वाक्य जोडलं, "वहाँ चार बजे चाय मिलती है। पीजिए तो दाम देकर पीजिए।"

सही हातात होती आणि घरी अण्णांची अट तशीच उभी होती. परान्न नाही, पाणी नाही, आणि आता ते ख्रिस्ती दवाखान्यात! आईने तो कागद देवापुढे ठेवला आणि मला खुणावलं, गप्प बस. मी गप्प बसले नाही. दोन महिने पायरीवर बसून दशम्या खाण्याचा मला कंटाळा आला होता. मी सरळ सांगितलं, "अण्णा, मला मिशनच्या दवाखान्यात जायचं आहे. तिथे चार वाजता चहा देतात आणि मी तो घेणार आहे. साहेब म्हणालेत, पैसे देऊन घ्यायचा."

अण्णांनी सुपारी कातरायची थांबवली. मी पुढच्या भांडणाची सगळी वाक्यं तयार ठेवली होती.

"पैसे देऊन?"

"हो. महिन्याच्या शेवटी हिशेब करून."

"म्हणजे ते आदरातिथ्य करत नाहीत. विकतात."

"साहेबांचा तसा नियम आहे. फुकट काही घ्यायचं नाही."

"मग ते परान्न कुठे? ती खरेदी झाली." ते एकदम मोकळे झाले. "मोल दिलं की मिंधेपण नाही, मिंधेपण नाही तर दोष नाही. तुझा साहेब शास्त्र शिकलेला दिसतो. आधी का नाही सांगितलंस?"

आधी का नाही सांगितलंस! दान घेतलं तरी मिंधेपण नाही म्हणणारे हेच, आणि मोल दिलं म्हणून मिंधेपण नाही म्हणणारेही हेच. कचोरीचं मोल देता आलं असतं, जिलबीचं देता आलं असतं, मी दोन महिने मोहरीच्या धुरात दशम्या गिळल्या नसत्या, लालाजी नीट झोपले असते आणि शिधा रामनगरलाच राहिला असता. मी त्यांना हे बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "पण लालांनी मोल घेतलं नसतं." तेही खरं होतं. म्हणूनच तर माझा संताप व्हायचा. अण्णा आणि साहेब आयुष्यात एकमेकांना कधी भेटले नाहीत, आणि मी भेटवलंही नाही. एकमेकांचं बोलणं त्या दोघांना फार लवकर पटलं असतं.

पुढे मी पास झाले, गोदौलियाला साहेबांच्याच जिन्यावर माझी पाटी लागली, आणि मुली माझ्याकडे उमेदवारी मागायला येऊ लागल्या. मी त्यांना गुण नंतर विचारी. आधी विचारी, तुमच्या घरचं कोण कोण कुणाच्या पूजेला, बारशाला, लग्नाला जातं? मुली गोंधळून पाहत. ही यादी मोठीने परीक्षेत लिहिली तर तिला गुण मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण कामाला लागल्यावर तिने ती करावी. तिच्या गावात पुरोहित नसतील, तर कोणाची मुलं कोणाच्या मुलांबरोबर पोहायला जातात ते पाहावं.

दवाखान्यातल्या पहिल्या दिवशी चार वाजता एक म्हाताऱ्या सिस्टर कप घेऊन आल्या. मी घेतला. घराबाहेरचा, आयुष्यातला पहिला. चहा गार होता, साखर तळाशी तशीच बसलेली, दुधाला धुराचा वास. सिस्टरनी विचारलं, "अच्छा है?"

काम पुरं होण्याआधी मत द्यायचं नसतं. मी कप संपवला आणि मग म्हटलं, "नहीं।"

त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं. चहा मात्र सुधारला नाही. मी महिनाभर प्याले, आणि महिन्याच्या शेवटी पूर्ण पैसे मोजले.